उष्णतेचाही ताळेबंद मांडायला हवा

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, किती मुरला, माणसांना आणि जनावरांना वर्षभर किती लागेल, उरलेल्या पाण्यात कोणती पिकं निघतील, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने रुजलेली ही पद्धत पाहायला देशभरातून माणसं येतात. पाण्याचा हिशेब दुसऱ्यांना शिकवणाऱ्या या जिल्ह्यात घरातल्या उष्णतेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. एप्रिल-मेमध्ये नको असलेली उष्णता स्लॅबमधून घरात उतरते आणि तिला बाहेर काढायला आपण विजेचे पैसे भरतो. डिसेंबर-जानेवारीत हवी असलेली उष्णता अंघोळीच्या पाण्यात घालायला पुन्हा विजेचे पैसे भरतो. मध्यमवर्गीय घराच्या वीजबिलाचा मोठा हिस्सा या दोन कामांत जातो आणि दोन्हीकडे बचतीला भरपूर वाव आहे.

फ्रिजवरचे, एसीवरचे तारे आता सगळ्यांना ठाऊक आहेत. ते देणारी संस्था म्हणजे केंद्र सरकारचं ऊर्जा दक्षता ब्युरो, अर्थात बीईई. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२ मध्ये ती सुरू झाली आणि २००६ पासून उपकरणांवर तारे लागू लागले. याच ब्युरोने पुढे घरांसाठीही तारांकन आणलं, हे फार थोड्यांना माहीत आहे. एक चौरस मीटर जागेमागे घर वर्षाला किती युनिट वीज खातं, यावर त्याला एक ते पाच तारे मिळतात. ही योजना ऐच्छिक आहे. आपल्याकडे कुणी बिल्डरला हे तारे विचारत नाही, त्यामुळे बिल्डरही त्यांचा विषय काढत नाही. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, ‘इको निवास संहिता’ आली. भिंती, खिडक्या आणि छपरातून घरात किती उष्णता शिरू द्यायची याच्या मर्यादा तिने घालून दिल्या. ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी आहे. सावेडीत किंवा केडगावात दोन गुंठ्यांवर बंगला बांधणाऱ्याला ती लागू होत नाही. तरी तिच्यातला एक आकडा त्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तो आकडा छपराचा. घराच्या आत आणि बाहेर एक अंश तापमानाचा फरक असेल, तर छपराच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असं संहिता सांगते. आपला नेहमीचा सहा इंची आरसीसी स्लॅब, त्यावर काहीही नसेल तर, तीन वॉटपेक्षा जास्त उष्णता आत सोडतो. म्हणजे मर्यादेच्या अडीचपट. गळतीसाठी घातलेल्या विटांच्या कोब्याने थोडा फरक पडतो, पण मर्यादा दूरच राहते. शिवाय सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि ते रात्री खोलीत सोडत बसतो. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशीला टेकतो, पण रात्री अंगणात गारवा असतो. आत पंख्याखाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर मात्र गरम वारा येतो. त्यात पंख्याचा दोष नसतो, पंखा स्लॅबखालची तापलेली हवा खाली ढकलत असतो.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. पारनेर, कर्जत, जामखेडकडची धाब्याची घरं आठवा. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी किलचनावर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडापुरतं सवणं. दुपारचं ऊन आतल्या खोलीपर्यंत पोहोचायच्या आत संध्याकाळ व्हायची. निजामशाहीत सोळाव्या शतकात बांधलेला फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा केला होता. जाड भिंती, उंच दालनं आणि चहूबाजूंनी पाण्यावरून येणारा वारा. नगरच्या दक्षिणेला त्याचा सांगाडा आजही उभा आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी भर दुपारी त्यात जाऊन उभं राहावं. धाबं गळायचं, दर पावसाळ्याआधी त्यावर माती टाकावी लागायची, म्हणून लोकांनी स्लॅब घातला, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. गळणाऱ्या घरात राहिलेल्या माणसाला स्लॅबची किंमत कळते. पण स्लॅब घालताना मातीच्या थराचं काम कोण करणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तो आता विचारायला हवा.

त्याचं उत्तर महागडं नाही. नव्या स्लॅबवर कोबा घालण्याआधी चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीची एक्सपीएस किंवा दाट थर्मोकोलची शीट टाकली की छप्पर संहितेच्या मर्यादेत आरामात बसतं. जुन्या स्लॅबवर चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक रंग लावता येतो. तेही परवडत नसेल तर गुढीपाडव्याच्या आधी चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. नगरची धूळ बसली की त्याची धार कमी होते, म्हणून दरवर्षी पुन्हा हात फिरवावा लागतो. डाळिंबाच्या किंवा रोपवाटिकेच्या शेडनेटचा तुकडा गच्चीवर चार-पाच फूट उंच ताणला तरी स्लॅबवर थेट ऊन पडत नाही. शेतकऱ्याच्या घरात शेडनेट बहुतेक वेळा पडूनच असते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण यंत्राची पाळी नंतर येते. आता त्या यंत्राकडे, म्हणजे हीट पंपाकडे वळू.

हीट पंप म्हणजे काय हे समजायला संगमनेर, राहाता किंवा राहुरीतल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर जावं. गोठ्यातून आलेलं पस्तीस अंशांचं दूध बल्क कूलरमध्ये चार अंशांपर्यंत उतरतं. दुधातली ही उष्णता नाहीशी होत नाही. कूलरच्या मागच्या बाजूला हात धरा, तिथून गरम हवेचा झोत बाहेर पडत असतो. दुधातली उष्णता उपसून यंत्राने ती बाहेर टाकलेली असते. वीज खर्च होते ती उष्णता तयार करण्यात नाही, तर ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यात. फ्रिज आणि एसी हेच करतात. हीट पंपात काम तेच, फक्त आपल्याला हवी असलेली बाजू दुसरी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उपसतो आणि टाकीतल्या पाण्यात सोडतो.

पंधरा अंशांच्या हवेत कसली उष्णता, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पंपातल्या नळीत अतिशय कमी तापमानाला उकळणारा द्रव फिरत असतो. त्याच्या मानाने पंधरा अंशांची हवाही गरमच. हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्याने ती साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते, टाकीभोवतीच्या नळीत जाऊन आपली उष्णता पाण्याला देते आणि पुन्हा द्रव होते. विजेच्या एका युनिटात पाण्याला साधारण तीन युनिट उष्णता मिळते. हवा उबदार असेल तर त्याहून जास्त, गारठली असेल तर कमी. कॉइलच्या गिझरमध्ये एका युनिटातून एका युनिटापेक्षा जास्त उष्णता कधीच मिळू शकत नाही, मग त्यावर कितीही तारे असोत. गिझरचे तारे टाकी उष्णता किती धरून ठेवते यासाठी असतात.

ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये ती मांडली आणि ऑस्ट्रियाचे अभियंते पेटर फॉन रिटिंगर यांनी त्यानंतर चार-पाच वर्षांतच मिठाच्या कारखान्यात वाफ दाबून तीच उष्णता पुन्हा वापरण्याचं यंत्र उभारून पाहिलं. यंत्राचा आत्मा म्हणजे कॉम्प्रेसर. आणि कॉम्प्रेसर व एसी बनवणारे कारखाने आता पारनेर तालुक्यातल्या सुपा औद्योगिक वसाहतीत उभे आहेत. तिथे कामाला जाणारी आसपासच्या गावांतली मुलं हेच तंत्र रोज हाताळतात.

आता हिशेब. चार माणसांच्या घरात अंघोळीला दिवसाला शंभर लिटर पाणी धरू. ते वीस अंशांनी तापवायला सव्वादोन युनिटांपेक्षा थोडी जास्त उष्णता लागते. थंडीत पंचवीस अंशांनी तापवावं लागतं, तेव्हा जवळपास तीन युनिट. गिझर दिवसभर चालूच राहिला तर टाकीतून अर्धा युनिट आणखी वाया जातं. वर्षातले तीनशे दिवस आणि दिवसाला तीन युनिट धरले तर गिझर नऊशे युनिट खातो. हीट पंपाला त्याच कामाला तीनशे लागतील. सहाशे युनिट वाचले. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांच्या पुढे गेला की पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट होतो आणि गिझरचे युनिट या वरच्या टप्प्यातच पडतात. हिशेबाला दहा रुपये युनिट धरलं, तर वर्षाला सहा हजारांची बचत.

दोनशे लिटरच्या चांगल्या हीट पंपाची किंमत मात्र लाखाच्या आगेमागे जाते. सहा हजारांच्या बचतीतून लाख रुपये वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षं लागतील, आणि यंत्राचं आयुष्यही साधारण तेवढंच किंवा त्याहून कमी. म्हणून स्वतःची गच्ची असलेल्या चौघांच्या घराने हीट पंप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी सौर बंब आहे. पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात वर्षातले बहुतेक महिने स्वच्छ ऊन पडतं आणि शंभर लिटरचा सौर बंब हीट पंपाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास मिळतो. विक्रेता काहीही सांगो, आपल्या घरचा हा गुणाकार आपणच करावा.

मग हीट पंप कुणासाठी?

पहिला मान शिर्डीचा. शिर्डीच्या साईप्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ सौर डिश बसवल्या गेल्या. वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेच्या या डिश सूर्याचं ऊन एकवटून वाफ बनवतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजतं. उष्णतेचा एवढा मोठा प्रयोग या जिल्ह्याने जगाला करून दाखवला. त्याच शिर्डीत शेकडो लॉज आणि हॉटेलं आहेत, आणि काकड आरतीला जाणाऱ्या भाविकांना पहाटे तीन-चार वाजता गरम पाणी लागतं. तीस खोल्यांच्या लॉजला दिवसाला दोन-अडीच हजार लिटर गरम पाणी धरू. कॉइलवर त्याला साठ युनिटांच्या आसपास वीज जाते, हीट पंपावर वीस. रोज चाळीस युनिट वाचतात आणि व्यापारी दराने ते वर्षाला दीड-दोन लाखांच्या घरात जातात. चार-पाच लाखांचा मोठा पंप तीन वर्षांत आपली किंमत फेडतो. रुग्णालयं, वसतिगृहं, प्रवरानगर-लोणीसारख्या शिक्षणसंकुलांतली होस्टेलं, मंगल कार्यालयं यांचंही गणित असंच जमतं. दूध केंद्रांचं तर याहून सोपं आहे. कूलर फेकत असलेली उष्णताच पकडली तर कॅन आणि टाक्या धुण्याचं पाणी जवळजवळ फुकट तापतं.

दुसरा मान अकोले तालुक्याच्या पश्चिम भागाचा. कळसूबाई, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर. इथला पाऊस सुरू झाला की आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही आणि पर्यटक नेमके तेव्हाच येतात. काजवे पाहायला जूनच्या तोंडावर, धबधबे पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये. सौर बंब या दिवसांत थंड पडतो, मग लाकडं जळतात किंवा गॅस. हीट पंपाला ऊन लागतच नाही, हवा लागते, आणि दमट हवेत तर त्याला जास्त उष्णता सापडते, कारण हवेतल्या बाष्पाचं पाणी होताना तीही उष्णता पंपाला मिळते. सात-आठ खोल्यांचं होमस्टे चालवणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. वीज सारखी जात असेल तर टाकी मोठी घ्यावी, चांगल्या टाकीतलं पाणी रात्रभर गरम राहतं.

तिसरे, गच्चीवर हक्क नसलेले फ्लॅटवाले आणि दहा-बारा माणसांची एकत्र कुटुंबं. सोसायटीने मिळून एक मोठा पंप बसवला तर प्रत्येकाच्या वाट्याची किंमत निम्म्याहून खाली येते. फक्त नळ्यांना चांगलं आवरण हवं, नाहीतर चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पाणी कोमट होतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पंप कधी चालवायचा, याला त्याच्या किमतीइतकंच महत्त्व आहे. नगरला जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतात आणि दुपारी अठ्ठावीस. पहाटे पाचला बटण दाबलं तर पंप सर्वांत थंड हवेतून उष्णता शोधत बसतो. दुपारी बारा ते तीन चालवला तर तेच काम कमी विजेत होतं आणि पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत टाकीत टिकतं. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेवर सवलतही आहे. आणि गच्चीवर सौर पॅनल असतील तर दुपारी ते भरात असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. दुपारची ती वीज गरम पाण्याच्या रूपाने टाकीत साठवणं हा सर्वांत स्वस्त साठा. पंपाला टायमर असतोच. तो बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी लावून घ्यावा.

तापमानही साठ-पासष्टवर ठेवायचं कारण नाही. पन्नास अंश पुरतात. जितकं जास्त तापवाल तितकी पंपाची दमछाक. आठवड्यातून एकदा साठपर्यंत नेलं की टाकीत जंतू वाढत नाहीत. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढऱ्या थराने झाकते हे घरोघरी माहीत आहे. म्हणून टाकीच्या बाहेरून नळी गुंडाळलेला पंप निवडावा, म्हणजे नळीचा पाण्याशी थेट संबंध येत नाही. टाकीतला अॅनोड रॉड मात्र वेळच्या वेळी बदलावा लागतो, नाहीतर टाकीलाच गंज धरतो. पंप बंद बाथरूममध्ये कधीच लावू नये, त्याला मोकळी हवा हवी. त्यातून गार हवा बाहेर पडते. उन्हाळ्यात ती स्वयंपाकघराकडे वळवता आली तर ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला तेवढाच गारवा. नगरच्या घरांत मेमध्ये सर्वांत जास्त उकाडा तिच्या वाट्याला येतो आणि घराच्या नकाशात त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. हे बदलायला हवं.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून हीट पंपाचं कौतुक ऐकून अनेकजण इथे चौकशी करतात. तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे घर विकताना किंवा भाड्याने देताना ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी लिहिलेलं ऊर्जा प्रमाणपत्र लागतं, आणि पंप वापरला जातो तो मुख्यतः खोल्या उबदार ठेवायला. गॅसचा बॉयलर काढून पंप बसवायला इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार साडेसात हजार पौंड देतं. तरी तिथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटापेक्षा कितीतरी महाग. त्यामुळे भिंती आणि माळा नीट न झाकता नुसता पंप बसवणाऱ्यांची श्रेणीही फारशी वर जात नाही आणि बिलही उतरत नाही. आधी घराचं कवच, मग यंत्र, हा क्रम लंडनच्या थंडीत आणि नगरच्या उन्हात सारखाच लागू पडतो. आपल्याकडे खोली तापवायची गरज वर्षातून दोन-तीन आठवडे, आणि तेवढ्याला गोधडी पुरते.

घरातला एसी हाही हीट पंपच. २०२० पासून तारांकित एसी सुरू केल्यावर आपोआप चोवीस अंशांवर येतात. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं बीईई सांगतं. छपरावर आवरण असलेल्या खोलीत सव्वीस अंश आणि मंद पंखा पुरे होतो. तो पंखाही बदलण्याजोगा आहे. जुना पंचाहत्तर वॉटचा, नवा बीएलडीसी तीस वॉटचा. पंखा रोज बारा तास फिरत असेल तर हा बदल दोन-तीन वर्षांत वसूल होतो. हीट पंपाच्या लाखाआधी हे थोड्या पैशांचं काम करून टाकावं.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. शहर वाढतंय. नगर-मनमाड रस्त्याच्या दुतर्फा, एमआयडीसीच्या आसपास, सुप्याकडे रोज नवे स्लॅब पडताहेत, आणि यांतली बहुतेक घरं पुढची पन्नास वर्षं उभी राहणार आहेत. महापालिकेने बांधकाम परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: छपरावर उष्णतारोधक थर आहे का? सक्ती पुढे कधी करता येईल, आज निदान विचारायला तर सुरुवात व्हावी. शिर्डीच्या लॉजमालकांनी आपल्या संघटनेत बसून गरम पाण्याच्या विजेचा एका वर्षाचा आकडा काढावा. आणि येत्या हिवाळ्यात ज्यांच्या घराचा स्लॅब पडणार आहे, त्यांनी कोबा घालायला आलेल्या मिस्त्रीला दोन दिवस थांबवून खाली शीट टाकून घ्यावी. नंतर हे काम करायचं तर घातलेला कोबा फोडावा लागतो.